खासनीस साहेबांचा दुसरा फिल्टर

“…म्हणजे दुसरा फिल्टर लावला की पाणी स्वच्छ होईल. एवढं तरी खरं ना?”

 उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यात बांधून ईश्वराआण्णा सिमेंटच्या टाकीत हलकेच हलवत होते. बलक पाण्यात पसरत होता आणि टाचणीएवढी पिल्लं त्यावर तुटून पडत होती.

खासनीस साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला जरा चढ्या आवाजात.

एकच गोष्ट दोनदा विचारायची त्यांना सवय नव्हती. एकतीस वर्षं ते शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात होते, शेवटची नऊ वर्षं तर प्रमुख. पावसाळ्यात नदीचं चहासारखं पाणी त्यांच्या केंद्रात शिरायचं आणि नितळ होऊन चार लाख लोकांच्या नळाला जायचं. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पण निवृत्ती नोकरीची झाली होती. साहेबपण रोज सकाळी इस्त्री होऊन अंगावर चढतच होतं.

आणि अशा माणसाच्या दिवाणखान्यात तीन फुटांची काचेची टाकी होती, नि तिच्यातलं पाणी काही केल्या निवळत नव्हतं. चमचाभर दूध सांडल्यासारखं कायम पांढुरकं.

साहेबांनी सगळे उपाय केले. फिल्टर धुतला. पाणी बदललं. पुन्हा फिल्टर धुतला. शेवटी मासेवाल्या दुकानदारानंच हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, हे आमच्याच्यानं व्हायचं नाही. हरिपूर रस्त्याला ईश्वराआण्णा भोई आहेत, त्यांच्याकडं जावा.”

म्हणून साहेब इथे आले होते. सोबत पिशवी. पिशवीत जुना फिल्टर, आणि खोक्यातला कोरा दुसरा फिल्टर.

ईश्वराआण्णा हे गृहस्थ कुठल्याशा कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई होते. कागदावर शिपाई. प्रत्यक्षात विभागातल्या सगळ्या टाक्या चौतीस वर्षं त्यांनीच जिवंत ठेवल्या होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली आणि गावात आली की अजून त्यांच्या पाया पडायची. हे दुकानदारानं सांगितलं तेव्हा साहेबांनी मान हलवली होती, पण मनात ‘शिपाई’ हा शब्द काही पुसला गेला नव्हता.

आण्णांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं. हात लुंगीला पुसले.

“किती स्वच्छ पायजे?” त्यांनी विचारलं.

साहेब खूश झाले. प्रश्न अखेर त्यांच्या विषयाकडे आला होता.

“हे बघा, आमच्या केंद्रात गढूळपणा मोजायचं यंत्र होतं. पिण्याच्या पाण्याचा आकडा मी कधी एकाच्या वर जाऊ दिला नाही. भर पुरातसुद्धा.”

“मासं पितात व्हय तसलं?”

“…म्हणजे?”

“काय न्हाई. बसा.”

पत्र्याच्या शेडमध्ये एक लाकडी बाक होता. साहेबांनी तो रुमालानं झटकला आणि कडेला बसले. समोर भिंतीला लागून सात-आठ टाक्या ओळीनं मांडल्या होत्या. काचा जुन्या, कोपऱ्यांना शेवाळ. पण पाणी…

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

टाक्यांत पाणी आहे की नाही, हेच कळत नव्हतं. मासे हवेत तरंगल्यासारखे दिसत होते.

साहेबांना हे पाणी आपल्या टाकीत हवंसं वाटलं. त्याला मत्सर म्हणतात, पण ते त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

“फिल्टर धुता कवा?” आण्णांनी विचारलं.

“गेलं वर्षभर दर रविवारी. न चुकता.”

“कसा?”

“आधी गरम पाण्यात उकळतो. मग नळाखाली धरतो. पाणी नितळ निघेपर्यंत पिळतो.” साहेबांनी पिशवीतून फिल्टर काढला आणि त्यातला स्पंज आण्णांच्या हातात ठेवला. “बघा. चार वर्षं वापरातला आहे. सांगून खरं वाटणार नाही.”

खरंच वाटलं नसतं. स्पंज दुकानातून आणल्यासारखा होता.

आण्णांनी तो नाकाशी नेला. वास घेतला. मग दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

“नळाच्या पान्यात औषिद कोन घालतं?”

“क्लोरीन? आम्हीच. म्हणजे आमचं केंद्र. त्याची मात्रा मी स्वतः बसवून दिली होती, आजही तीच चालते.”

“कशापायी घालायचं?”

“जंतू मरावेत म्हणून. अहो, हे शाळेतल्या मुलांनाही…”

“मग मेलं की. पानी साफ राखनारं बी.”



आण्णांनी स्पंज साहेबांच्या मांडीवर परत ठेवला. अगदी सावकाश, एखाद्याची वस्तू त्याला परत करावी तसा.

“मासं किती गेलं?”

“तसं विशेष काही…”

“किती?”

साहेबांनी शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. “अकरा,” ते म्हणाले. “वर्षभरात.”

आण्णांनी काहीच शेरा मारला नाही. साहेबांना त्याचाच जास्त त्रास झाला. कुणी बोललं असतं तर उलट बोलता आलं असतं.

“घरात मासं कुनासाठी?”

हा प्रश्न साहेबांना नको होता. पण उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, कारण गेलं वर्षभर ते कुणाशी या विषयावर बोललेच नव्हते.

“आमच्या हिच्यासाठी. नलिनीसाठी. तिची नजर जात चालली आहे. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. मधोमध काळा डाग दिसतो, कडेकडेनं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. वाचन बंद झालं. शिवण बंद झालं. टीव्ही नुसता ऐकते. आता दिवसभर त्या टाकीपुढे खुर्ची टाकून बसते… तेवढंच तिला दिसतं. लाल रंग हलताना दिसतो.”

त्यांनी स्पंज पिशवीत ठेवला. 

“पाणी स्वच्छ असलं तर आणखी दोन-चार वर्षं दिसेल. म्हणून मी हे सगळं करतोय. हौस म्हणून नाही.”

आण्णा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

“एक मासा होता,” साहेब म्हणाले. “शेंद्र्या. हिनंच नाव ठेवलं होतं. सहा वर्षांचा. संध्याकाळी ही पाण्यात बोट धरायची नि तो येऊन बोटाला लुचायचा. बाकीच्यांचं नाही, पण तो गेला तेव्हा…”

“बाईस्नी काय सांगितलं?”

“काही नाही. दुसऱ्या दिवशी तस्साच आणून सोडला. रंग, आकार, सगळं जुळवून. चार दुकानं हिंडलो. तोही गेला. मग पुन्हा…”

“आन बाई?”

“तिला कुठून कळणार? तिला दिसत नाही नीट.”



साहेबांना वाटलं, आता काही ऐकायला मिळणार. दोन शब्द सांत्वनाचे, नाहीतर दोन उपदेशाचे. दोन्हींसाठी ते तयार होऊन बसले.

आण्णा उठले. ओळीतल्या सर्वांत मोठ्या, सर्वांत नितळ टाकीपाशी गेले. तिच्यात दोन फिल्टर होते, एक डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. त्यांनी डाव्याचा स्पंज बाहेर काढला.

तो स्पंज होता, हे सांगावं लागलं असतं. गटाराच्या तोंडाशी साचलेला गोळा दिसतो तसा तो दिसत होता. काळा, बुळबुळीत, ठिबकणारा.

“हा कधी धुतला होता?” साहेबांनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

आण्णांनी स्पंज टाकीवर धरला आणि दोन्ही हातांनी पिळला.

“अहो! अहो, काय करताय!”

साहेब ताडकन उभे राहिले. काळपट तपकिरी लोट त्या नितळ पाण्यात उतरला, तळाशी आपटला आणि चारी बाजूंना पसरला. बघता बघता टाकी चहाची किटली झाली. मासे दिसेनासे झाले.

एकतीस वर्षांत साहेबांच्या डोळ्यांदेखत कुणी असं केलं नव्हतं. कुणी केलं असतं तर त्याला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. 

“चांगल्या पाण्याची नासाडी केलीत तुम्ही!”

“च्या घ्या,” आण्णा म्हणाले आणि घराकडे तोंड करून त्यांनी दोन कप सांगितले.

चहा आला. साहेबांनी तो घेतला, पण चव कळली नाही. ते टाकीकडे बघत होते आणि आण्णा पिल्लांच्या टाकीतली मेलेली पानं वेचत होते.  शेडबाहेर कुणीतरी हळद वाळत घातली होती, तिचा वास येत होता.

पाऊण तासानं टाकीत पहिला मासा दिसला. मग त्याच्यामागे दुसरा. धुकं विरावं तसं पाणी वरून खाली उजळत गेलं. दीड तासानं टाकी पुन्हा होती तशी झाली आणि मासे काही घडलंच नसल्यासारखे फिरू लागले. एकानं तर त्या गाळातलंच काहीतरी उचलून खाल्लं.

साहेब जवळ जाऊन वाकले. बोटानं काचेवर रेघ मारून पाहिली.

“…हे कसं झालं?”

“ह्यो गाळ मला आमच्या हेड मॅडमनी दिला,” आण्णा म्हणाले, जणू प्रश्न तोच होता. “त्यांनी त्येंच्या सरांच्या टाकीतनं आनला हुता. बाटलीत घालून, यश्टीनं, मांडीवर धरून. त्येंच्या सरांनी कुनाकडनं आनला, त्ये म्याडमला बी ठाव न्हवतं.”

“गाळ?”

“व्हय. मी फकस्त राखला.”

त्यांनी ब्लेड घेतलं आणि त्या काळ्या स्पंजाचा अर्धा भाग कापला. साहेबांचा कोरा फिल्टर खोक्यातून काढून त्यात तो तुकडा बसवला. मग टाकीतलंच पाणी एका पिशवीत भरून सगळा फिल्टर त्यात बुडवला आणि पिशवीचं तोंड रबरानं बांधलं.

“सरळ घरी जावा. वाळू द्यायचा न्हाई. जुन्याच्या शेजारी ह्येला लावा आन दोन्ही सुरू करा.”

“मग पाणी स्वच्छ होईल?”

“लावल्यानं हुईत न्हाई. चालाय लागल्यावर हुतं.”

“चालायला काय, बटण दाबलं की चालेल.”

“बटन दाबल्यावर मोटर चालती.”

 कोड्यात बोलणारी माणसं त्यांना मुळीच आवडत नसत. पण डोळ्यांसमोर ती टाकी होती.

“चाळीस दिवस कुटल्याच फिल्टरला हात लावायचा न्हाई,” आण्णा म्हणाले. “पानी आठवड्याला चार बादल्यांतली एक बदलायची. नळाचं पानी दोन दिस उघडं ठेवून मग घालायचं. खानं चिमूटभर. पुढं कवा धुवायची पाळी आलीच तर दोघास्नी एका दिवशी धुवायचं न्हाई. एकानं आंगूळ केली तर दुसऱ्यानं घर राखायचं.”

“आणि पाणी घाण झालं तर?”

“हुनारच की.”

“मग मी काय करायचं?”

“काय न्हाई.”

साहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी काही न करण्याचं काम दिलं होतं.

“मी रोजची नोंद ठेवीन,” ते म्हणाले. निदान तेवढं तरी हातात राहावं म्हणून.

“ठेवा की. चाळीसाव्या दिशी वही घिऊन या.”

*

नोंदवही साहेबांनी त्याच संध्याकाळी आखली. दिनांक, वेळ, गढूळपणा, शेरा. एका दिवसाला एक पान. टाकीच्या मागच्या काचेला त्यांनी काळ्या शाईची फुली काढलेला पुठ्ठा चिकटवला. पुढून बघायचं आणि फुली किती स्पष्ट दिसते ते लिहायचं.

पहिला दिवस: फुली दिसत नाही. पाणी तपकिरी.

तिसरा दिवस: फुली दिसत नाही. पाणी पांढुरकं.

सातवा दिवस: फुली दिसत नाही. शेरा… शेऱ्याच्या जागी त्यांनी एक शब्द लिहिला आणि खोडला. तो आण्णांविषयी होता.

पहिला रविवार त्यांनी कसाबसा काढला. बादली बाथरूममधून बाहेर आणली आणि परत ठेवली. दिवसभर घरात फेऱ्या घातल्या. नलिनीबाईंनी दोनदा विचारलं, “काय शोधताय?”

दुसऱ्या रविवारी, अकराव्या दिवशी, त्यांचा धीर सुटला. पाणी आणखी पांढरं झालं होतं. टाकीत उरलेला एकुलता मासा काचेशी आला तरच दिसायचा. नलिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या, मान जरा तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. साहेबांना वाटलं, तिची नजर रोज थोडी थोडी कमी होते आहे आणि आपण तिच्यापुढे हे असलं पाणी ठेवून बसलोय. कुणा शिपायाच्या शब्दावर!

त्यांनी बाह्या सरसावल्या. बादली आणली. टाकीचं झाकण उचललं.

“धुताय?” नलिनीबाईंनी विचारलं.

“नाही… हो. जरा बघतोय.”

“ते चाळीस दिवस म्हणाले होते ना?”

“त्यांना म्हणायला काय जातंय. तुला काही दिसतंय का यात?”

नलिनीबाईंनी मान टाकीकडून त्यांच्याकडे वळवली. मग अगदी साध्या आवाजात, भाजीला मीठ घातलं का विचारावं तसं त्यांनी विचारलं,

“अहो, शेंद्र्या कधी गेला?”

साहेबांचा हात फिल्टरवरच राहिला.

“कोण म्हणालं गेला? हा काय इथे…”

“हा बोटाला येत नाही.”

साहेबांनी काचेआड माशाला शोधलं.

“हा कितवा?”

साहेबांना खोटं बोलता आलं असतं. वर्षभर बोलत होते, सराव होता. पण झाकण एका हातात, दुसरा हात कोपरापर्यंत ओला, अशा अवस्थेत त्यांना काही सुचेना.

“पाचवा,” ते म्हणाले.

“अगंबाई. मला वाटलं, तिसरा.”

“तुला कळलं होतं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही चार चार दुकानं हिंडून रंग जुळवून आणत होता.” त्या किंचित हसल्या. “म्हटलं, एवढी मेहनत घेताय तर घेऊ दे. मीही शेंद्र्या, शेंद्र्या म्हणून हाका मारत राहिले. त्या बिचाऱ्या माशांना काय वाटलं असेल हो? रोज दुसऱ्याच्या नावानं हाक.”

साहेबांनी झाकण खाली ठेवलं. त्यांना फार लाज वाटली. ऑफिसात चूक निघाल्यावर वाटते ती नव्हे. ती ते कागद फिरवून निभावून न्यायचे. ही लाज पोटातून आली आणि डोळ्यांपर्यंत गेली.

“मला वाटलं, तुला सांगितलं तर तू टाकीपुढे बसणं सोडशील,” ते म्हणाले.

“नसतं सोडलं. रडले असते एक दिवस.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “ते रडायचं राहून गेलं बघा.”

आणि त्या रडल्या. फार नाही, थोड्याच. साहेब ओल्या हातानं त्यांच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. बादलीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

बऱ्याच वेळानं नलिनीबाईंनी विचारलं, “याचा खरा रंग कसा आहे?”

साहेब वाकले. पांढुरक्या पाण्यातून मासा काचेशी येईपर्यंत थांबले.

“गाजरासारखा. शेंद्र्यापेक्षा फिका. आणि शेपटीची कड पांढरी आहे.”

“मग याचं नाव गाजर.”

त्या दिवशी वहीत नोंद झाली: फुली दिसत नाही. शेरा: माशाचं नाव गाजर.

त्यानंतर साहेबांनी दुसरी खुर्ची टाकीपुढे आणली. मासा कुठे आहे, काय करतोय, ते सांगायचे. आता वर आलाय. आता खडे उचलतोय तोंडानं. उचलला… टाकला. पुन्हा तोच उचलला, मूर्ख आहे. नलिनीबाई ऐकायच्या, मधूनच “डावीकडे ना?” म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर असायच्या.

सोळावा दिवस: फुलीची एक रेघ दिसते.

चोविसावा: दोन्ही रेघा, अंधुक.

अठ्ठाविसावा: फुली दिसते. कडा पुसट.

रोज संध्याकाळी नलिनीबाई पाण्यात बोट धरायच्या. चिमूटभर खाणं बोटाच्या टोकाला लावून. गाजर लांबून यायचा, थबकायचा आणि वळून जायचा. साहेब शेजारून सांगायचे, “आला… वीतभर अंतरावर आहे… गेला.”

“असू दे,” त्या म्हणायच्या. “त्याचं नाव आत्ता आत्ता त्याला कळतंय.”

तेहतिसाव्या दिवशी संध्याकाळी साहेब वही उघडून, पेनाचं टोपण काढून बसले होते. फुलीकडे बघणार, एवढ्यात नलिनीबाईंचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला.

“अहो…”

“काय झालं?”

“हलू नका.”

त्यांचा चेहरा साहेबांनी असा कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. डोळे मिटलेले होते. सगळं ध्यान बोटाच्या टोकाशी.

“लुचतोय,” त्या कुजबुजल्या. “अहो, लुचतोय!”

साहेब हलले नाहीत. पेन हातातच राहिलं आणि शाई वाळून गेली.

*

चाळीसाव्या दिवशी खासनीस साहेब वही घेऊन हरिपूर रस्त्याला गेले. शर्टाला इस्त्री नव्हती. ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आण्णा शेडमध्येच होते. सिमेंटच्या टाकीतली पिल्लं आता बोटभर झाली होती. त्यांनी साहेबांना बाक दाखवला, हात पुसले आणि वही मागितली.

साहेब बाकावर बसले, न झटकता.

आण्णांनी पहिल्या पानापासून वही चाळली. घाई न करता. सातव्या दिवसाच्या खाडाखोडीपाशी थांबले, ती उजेडाकडे धरून वाचली आणि पान उलटलं. ‘माशाचं नाव गाजर’ इथे त्यांचा अंगठा थोडा वेळ राहिला.

मग बत्तिसावं पान आलं. त्यानंतर एक कोरं. आणखी एक कोरं. सगळी कोरी.

“ही आठ पानं?”

“…लिहायचं राहिलं.”

“का? फुली दिसंना झाली?”

साहेब आठवू लागले. फुली. काळ्या शाईची, मागच्या काचेला लावलेली. दिसत होती का? काल संध्याकाळी? परवा? त्यांना शेपटीची पांढरी कड आठवली. नलिनीचं बोट आठवलं, त्याच्या टोकाशी उघडमीट करणारं इवलं तोंड आठवलं. तिचं मिटल्या डोळ्यांनी हसणं आठवलं. फुली काही आठवेना.

आपण आज सकाळी टाकीपुढे तासभर बसलो होतो, आणि तरी…

“आण्णा,” साहेब म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, “पाणी बघायचंच राहिलं.”

आण्णांनी वही मिटली. दोन्ही हातांनी साहेबांना परत दिली.

“मग दुसरा फिल्टर लागला म्हनायचा चालाय.”